सीडीतला बेडूक उडी मारेना

प्रश्न : मी जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका. २००९ साली वर्गासाठी बेडकाच्या जीवनक्रमाचा फ्लॅशमधला धडा करून घेतला होता. नातवासाठी सीडी लावली, तर ब्राउझर म्हणतो, प्लगइन चालत नाही. एका साइटवर ‘फ्लॅश प्लेअर फुकट’ दिसतंय. घेऊ का? तेव्हाही धडा ऐन रंगात आला की सगळ्या खिडक्यांसकट ब्राउझर मिटायचा. माझंच काही चुकत होतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बाई, त्या फुकटच्या वाटेला अजिबात जाऊ नका. फ्लॅश प्लेअर हे ब्राउझरला वरून जोडायचं प्लगइन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम. ३१ डिसेंबर २०२० नंतर तो बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने तो सांभाळणं थांबवलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो धडे-खेळ चालवायलाच नकार देऊ लागला. आज त्या नावाने कोणी काही वाटत असेल तर आत काय असेल देव जाणे.

आणि चूक तुमची नव्हती. तुमच्या वर्गातला नेमका दोषी मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तेव्हाची रचनाच अडचणीची होती. बहुतेक ब्राउझरांत प्लगइन ब्राउझरच्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे त्या चालत्या प्रोग्रामचाच भाग होऊन चालायचं. जुन्या वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच फ्यूज असायचा ना, तसं. एकाची इस्त्री बिघडली की अख्खा वाडा अंधारात! क्रोमने २००८ मध्ये वायरिंग वेगळं केलं, फायरफॉक्सने जून २०१० मध्ये, ३.६.४ या आवृत्तीत. मग प्लगइन कोसळलं तरी त्या चौकोनापुरतंच. बाकीचं पान जिवंत राहायचं.

खरा इलाज म्हणजे प्लगइनची गरजच संपवणं. फायरफॉक्स ३.५ ने २००९ मध्येच ‘थिओरा’ या खुल्या पद्धतीतले व्हिडिओ स्वतःच दाखवायला सुरुवात केली होती. चित्र मात्र तितकंसं चांगलं नसायचं. मे २०१० मध्ये गूगलने ‘वेबएम’ ही व्हिडिओची दुसरी पद्धत खुली केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

पण तुमचा धडा व्हिडिओ नाही, त्याला बटणं आहेत. त्यासाठी ‘रफल’ घ्या. फ्लॅशच्या फाइली चालवणारा हा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे, आणि त्याला प्लगइन लागत नाही. त्याच्या स्वतःच्या साइटवरून विंडोजसाठीची आवृत्ती उतरवा आणि त्यातून सीडीवरची ‘.एसडब्ल्यूएफ’ने संपणारी फाइल उघडा. साधे, जुन्या धाटणीचे धडे सहसा नीट चालतात; ॲक्शनस्क्रिप्ट ३ या फ्लॅशच्या नंतरच्या भाषेत लिहिलेले कधी कधी अडतात. फाइल ‘.ईएक्सई’ असेल तर प्लेअर बहुधा तिच्या पोटातच असतो, नुसती डबल-क्लिक करून बघा. (आधी सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. इतक्या जुन्या सीडीचा काय भरवसा!)

एवढं करूनही बेडूक हलला नाही, तर फाइलचं नाव आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा लिहून पाठवा. ‘चालत नाही’ एवढ्यावरून मला काही उमगत नाही.