डावा-उजवा फोटो जुळवताना आधी उंची जुळवा

भाऊ, तुम्ही विचारलंय की मोबाईलने डावा-उजवा असे दोन फोटो काढले पण थ्रीडी बघताना डोळे दुखतात आणि सगळं डबल दिसतं, मग ते एकमेकांवर तंतोतंत कसे बसवायचे. तर तंतोतंत बसणारच नाहीत, आणि बसवायचेही नाहीत. मी रावेरकडे केळीच्या बागेत काढतो, समोर दोन मीटरवर खोड आणि मागे सातपुडा, आता खोडावर खोड बसवलं की सातपुडा आडवा सरकलेला दिसतो, अन् ती जी सरक आहे ना तीच खोली आहे, ती पुसायला गेलात तर थ्रीडी संपलं.

काढायचा आहे तो उभा फरक. डोळे आत-बाहेर सहज वळतात पण एक वर आणि एक खाली असे वळत नाहीत, डोकं तिथेच दुखतं. फोन उजवीकडे नेताना हात थोडा तरी तिरका होतोच, मग डावीकडचं पान वर जातं आणि उजवीकडचं खाली, तेव्हा नुसतं वर-खाली सरकवून भागत नाही. फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये दोन्ही फोटो एकावर एक ठेवा, वरचा लेयर म्हणजे वरचा फोटो अर्धवट पारदर्शक करा, दोन्ही कडांजवळची एकेक खूण धरा आणि आधी फिरवून, मग साइज बघून, मग वर-खाली करून दोन्ही खुणा एका उंचीवर आणा. कॉम्प्युटर असेल तर स्टिरिओ फोटो मेकर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातलं ऑटो अलाइनमेंट हे सगळं करतं. शेवटी आडवं सरकवून सगळ्यात जवळचं खोड खोडावर आणा आणि कडेला उरलेल्या पट्ट्या कापा, म्हणजे सगळं चौकटीच्या आत, खिडकीतून बघितल्यासारखं दिसतं.

पण खरी मेहनत काढतानाच घ्या. मी बांधावर पाट ठेवतो आणि स्टँडवरचा फोन पाटाच्या कडेला धरून सरळ सरकवतो, खोडाकडे वळवत नाही, वळवला की कोपरे वाकडे होतात. किती सरकवायचा, तर जवळच्या वस्तूच्या अंतराचा साधारण 1/30, म्हणजे दोन मीटरला साडेसहा सेंटीमीटर, आपल्या डोळ्यांमध्ये असतं तेवढंच. वारा असेल तर काढूच नका, दोन क्लिकच्या मधे पान हललं की ते कुठल्याच सॉफ्टवेअरने जुळत नाही, मी पहाटेच जातो.

आणि एवढं करूनही सातपुडा खोडाच्या पुढे आल्यासारखा वाटला तर डावा-उजवा उलटा लागलाय, फक्त अदलाबदल करा.