चार रेषांतली मांजर मेंदूला कशी ओळखू येते?

प्रश्न : चित्रकाराने चार-पाच रेषांत काढलेली मांजर आपण क्षणात ओळखतो, तिच्या अंगावर ना केस असतात, ना रंग. उलट झुडपात बसलेला बिबट्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. मग मेंदू वस्तू ओळखतो ती आकारावरून की पृष्ठभागाच्या पोतावरून? ही दोन्ही कामे मेंदूत एकाच ठिकाणी होतात का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते कळले की पहिला प्रश्न निम्मा सुटतो. आकार आणि पोत यांचा प्रवास एकत्र सुरू होतो, परंतु पुढे त्यांच्या वाटा बऱ्याच अंशी वेगळ्या होतात.

दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात, तर मेंदूकडे जाणाऱ्या दृक्-चेतेत तंतू असतात सुमारे दहा लाख. त्यामुळे डोळा समोरचे चित्र जसेच्या तसे पाठवत नाही. उजेड आणि अंधार जिथे बदलतो, तिथली माहिती तो प्रामुख्याने पाठवतो. थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागी असलेल्या केंद्रामार्गे ती मेंदूच्या मागच्या भागातील पहिल्या दृक्-क्षेत्रात पोहोचते. तिथल्या पेशी नेमक्या कशाने चेतवल्या जातात, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या मेंदूशास्त्रज्ञांना १९५८ मध्ये जवळजवळ अपघातानेच समजले. ते मांजराला काचपट्टीवरचे ठिपके दाखवत होते आणि मांजराच्या मेंदूतील पेशी दाद देत नव्हती. पण पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून एका विशिष्ट कोनात गेली आणि पेशी एकदम बोलू लागली. एखादी पेशी उभ्या कडेला प्रतिसाद देते, दुसरी आडव्या, तिसरी तिरक्या. पुढे १९८१ च्या नोबेल पुरस्कारात या दोघांचा वाटा होता. चार रेषांतली मांजर आपल्याला पुरते ती मुख्यतः म्हणूनच : कड हीच मेंदूच्या दृष्टीची बाराखडी आहे आणि रेषाचित्र त्याच अक्षरांत लिहिलेले असते.

पोताचे मात्र तसे नाही. वाळू, लोकर किंवा झाडाची साल पाहताना मेंदू प्रत्येक कण किंवा धागा मोजत बसत नाही. रेघा किती जाड आहेत, कोणत्या दिशेच्या आहेत आणि एकमेकींच्या सोबतीने कशा येतात, याचा तो गोषवारा काढतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माकडांना व माणसांना दोन प्रकारच्या प्रतिमा दाखवल्या गेल्या. एकीत नैसर्गिक पोत होता. दुसरीत तितक्याच जाड-बारीक रेघा होत्या, पण त्यांची परस्परांतील संगती मोडलेली होती. पहिल्या दृक्-क्षेत्राला त्यांत फारसा फरक जाणवला नाही, तर त्यापुढच्या टप्प्यावरील दुसऱ्या दृक्-क्षेत्राने नैसर्गिक पोताला स्पष्टपणे अधिक प्रतिसाद दिला. हा गोषवारा आपल्यालाही अनुभवता येतो. या ओळीतील एका शब्दावर नजर खिळवून ठेवा आणि नजर न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचायचा प्रयत्न करा. तिथे अक्षरे आहेत एवढे कळते, पण ती कोणती हे कळत नाही. नजरेच्या कडेला मजकुराचा केवळ पोत उरतो.

वाटा वेगळ्या होतात याचा सर्वांत बोलका पुरावा एका रुग्ण स्त्रीकडून मिळाला. शास्त्रीय लेखनात तिला केवळ डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखतात. १९८८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेमुळे तिच्या मेंदूच्या मागच्या-बाहेरच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली. त्यानंतर तिला चौरस आणि आयत यांतला फरकही सांगता येईना, रेषाचित्रे तर मुळीच ओळखता येईनात. मात्र रंग आणि पोत दिसत असल्यामुळे वस्तू कशाची बनली आहे हे ती बहुधा बरोबर सांगत असे. निरोगी माणसांच्या मेंदूच्या चित्रणातही आकारासाठी हाच बाहेरचा भाग आणि पोतासाठी खालचा, आतल्या बाजूचा भाग अधिक सक्रिय झालेला दिसतो.

आता आपला पहिला प्रश्न. माणूस मुख्यतः आकारावर विसंबतो, आणि हे किती खरे आहे ते संगणकाशी तुलना केल्यावर ठळक झाले. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी मांजरीच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवलेली प्रतिमा तयार केली. छायाचित्रे दाखवून वस्तू ओळखायला शिकवलेल्या संगणकीय जाळ्यांनी, म्हणजे तशा संगणक-प्रणालींनी, तिला हत्ती ठरवले. अशा प्रतिमा पाहताना माणसांनी मात्र बहुतेक वेळा आकारालाच कौल दिला. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण पोतावरूनही वस्तू ओळखण्याचे बरेचसे काम भागते, तरीही आपला मेंदू तेवढ्यावर थांबत नाही, हे त्यातून कळते.

बिबट्या नेमका आकारावर विसंबण्याच्या या सवयीचा फायदा घेतो. त्याचे ठिपके अंगाची बाह्यरेषा ठिकठिकाणी तोडतात आणि त्यांचा पोत पानांमधून झिरपणाऱ्या उन्हासावलीशी जुळतो. कड सापडली नाही की आकार जुळत नाही. तो हलला की मात्र त्याच्या अंगावरचे सारे ठिपके एकाच दिशेने सरकतात, भोवतीची पाने तशी सरकत नाहीत, आणि मेंदू त्या ठिपक्यांना एकत्र बांधून हरवलेली बाह्यरेषा त्या हालचालीतून उभी करतो. एकदा दिसलेला बिबट्या पुन्हा स्थिर झाला तरी बहुधा दिसतच राहतो, कारण दृष्टीच्या या क्षेत्रांमध्ये माहिती दोन्ही दिशांनी वाहते, आणि नंतरच्या टप्प्यांवरील क्षेत्रांनी ओळखलेला आकार आधीच्या टप्प्यांवरील क्षेत्रांना कड कुठे शोधायची ते सांगू शकतो.