वाचकांचे प्रश्न : गिटार राहिली बाजूला, बोटंच दुखतायत

प्रश्न : दादा नमस्कार, मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, वय 47. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची गिटार तीन वर्षं कपाटावर पडून होती, दिवाळीच्या साफसफाईत खाली काढली तेव्हा म्हटलं चला आपणच शिकू. भजनी मंडळात पेटी वाजवते, म्हणजे सुरांचं अगदीच वावडं नाहीये. पण महिना झाला तरी सी कॉर्ड (तीन बोटांनी तीन तारा एकदम दाबायच्या) धरली की तारा नुसत्या ठक्क-ठक्क करतात, बोटांना खोल वळ पडतात, आणि एफ कॉर्डचं तर नावच नको. दुकानात विचारलं तर म्हणे "आंटी, प्रॅक्टिस कीजिए, हाथ बैठ जाएगा". आमचे हे म्हणतात या वयात बोटं वळत नाहीत. खरंच वय आडवं येतं का हो?

उत्तर : ताई, वयाचं नंतर बघू, आधी घरातली एटीएम कार्डं गोळा करा. गिटारच्या बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरचे आडव्या पट्ट्यांनी पाडलेले घर, बाराव्यावर बहुतेक दोन ठिपके असतात) सगळ्यात जाड तार आणि फ्रेटची धातूची पट्टी, यांच्या मधल्या फटीत तीन कार्डं एकावर एक ठेवून सरकवा. तीन कार्डं म्हणजे साधारण 2.3 मिलिमीटर. तीन जेमतेम मावली तर उत्तम, चार म्हणजे जरा उंच पण चालेल, पाच जर आरामात गेली तर मग बोटांना बोल लावू नका, तार एवढी उंच असेल तर माझ्याच्यानंही सी नीट वाजणार नाही.

तारेच्या या उंचीला म्हणतात अ‍ॅक्शन. स्टीलच्या सहा तारा मिळून 70 किलोच्या आसपास ताण देत असतात, तोही रात्रंदिवस, आणि तुमची गिटार तारा न सैल करता कपाटावर तीन उन्हाळे काढून बसलीय. मे महिन्यात तुमच्याकडची लू लाकूड आक्रसवते (फ्रेटची टोकं हाताला टोचत असतील तर त्याचंच लक्षण), मग कूलर आणि पावसाळ्याची दमट हवा तेच लाकूड फुगवते, गिटारचं पोट वर येतं आणि ब्रिजबरोबर (पोटावरची तारा अडकवायची पट्टी) ताराही वर जातात. दुरुस्तीवाला मानेतली सळई फिरवतो, ब्रिजमधली पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून थोडी घासतो, तासाभराचं काम असतं. घरी करू नका प्लीज, मी एकदा कानशीने सॅडल घासायला गेलो आणि जास्तच घासलं, नवीन आणावं लागलं. तारा बदलताना "दहा नंबर" मागा, त्या पातळ असतात. मऊ लागतील म्हणून नायलॉनच्या मात्र लावू नका, त्या वेगळ्या गिटारच्या.

तोवर एक जुगाड : सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. सूर तोच, पण तारा सैल आणि बोटांजवळ खालीही येतात. आणि तुम्ही पेटीवाल्या म्हणून सांगतो, तारा न उतरवता, कॅपोशिवाय, जाड तारेपासून नेहमीचं ट्यूनिंग म्हणजे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि परत वरची तीन. पेटी शेजारी ठेवली की अ‍ॅपची पण गरज नाही!

आता सी. बोट दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवत असाल तर तार ठक्क करणारच, पुढच्या पट्टीला अगदी चिकटून दाबा, निम्म्या जोरात काम होतं. डाव्या हाताची नखं पार कापा. सी धरलीत की अंगठीचं बोट तेवढं उचला आणि बारीक बाजूने तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवा, झाली ए मायनर, बाकीची दोन बोटं हलतच नाहीत. आठवडाभर फक्त ही ये-जा करा, सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं. एफला आत्ता हात लावू नका, खरंच. आणि भांडी घासून झाल्याझाल्या बसू नका, कातडी मऊ पडलेली असते, वळ जास्त पडतात. तीन-चार आठवड्यांत बोटांना घट्टे पडतील, मग दुखणं बरंच कमी होतं.

राहिलं वय. 47 ला बोटं वळतात, जरा सावकाश वळतात एवढंच. तुमच्या ह्यांना म्हणावं तुम्ही धरून दाखवा सी.

प्रश्न : आम्ही पण ग्वाल्हेरचेच. आजोबा म्हणतात अमजद अली खाँच्या गावात राहून गिटार कसली वाजवतोस, सरोद शीक. दोन्ही एकदम जमेल का?

उत्तर : आजोबांचा मुद्दा बिनतोड आहे, खाँसाहेबांचा जन्म 1945 चा, तुमच्याच गावातला, आणि जीवाजीगंजातलं त्यांचं वडिलोपार्जित घर आता सरोद घर नावाचं संग्रहालय आहे, आजोबांनाच घेऊन जाऊन या एकदा. पण अडचण नखांची आहे. सरोदला फ्रेट नसतात, खाँसाहेबांच्या घराण्यात तार डाव्या हाताच्या नखाच्या कडेने दाबतात, त्यामुळे नख राखावं लागतं, आणि गिटारला तेच नख कापावं लागतं. हात एकच, तेव्हा आधी एक काय ते ठरवा.