घोडा दाराची कड दातात धरून ढेकरा देतो, पट्टा बांधू का?

नका बांधू. बांधलाच असेल तर आधी सोडा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की घोडा सात वर्षांचा आहे, ठाणावर, म्हणजे पागेतल्या आपल्या जागेत, उभा असताना दाराच्या कडेवर वरचे दात रोवतो, मान ताणतो आणि ढेकरेसारखा आवाज काढतो. पागेतले लोक म्हणतात हवा गिळतोय, गळ्याला पट्टा आवळा, नाहीतर शेजारचे घोडे शिकतील. यातलं हवा गिळणं तर सरळ खोटं आहे. 1990 च्या दशकातच क्ष-किरणांखाली हे तपासून झालंय. हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात शिरते आणि बहुतेक तिथूनच परत फिरते. पोट हवेने फुगतं वगैरे पागेतल्या गप्पा.

मी एका पागेवर दाणा-वैरणीची देखरेख करायचो. तिथे शर्यतीतून काढलेली एक कुमैत घोडी आली. अंगाने रोड, वरचे पुढचे दात तिरके झिजलेले. पहिल्याच दिवशी तिने गव्हाण धरली. आमचे मास्तर घोड्यांतच म्हातारे झालेले, त्यांचा शब्द म्हणजे कायदा. त्यांनी दोन हुकूम सोडले: गळ्याला पट्टा आणि पागेच्या टोकाला एकटीचं ठाण, म्हणजे बाकीच्यांना संसर्ग नको. पट्टा चामड्याचा, घशाखाली लोखंडी पट्टी असलेला. मान ताणली की टोचतो, म्हणून घोडा थांबतो. आवाज बंद झाला, मास्तर खूश.

घोडीचं काय झालं ते बघायला कोणी टोकापर्यंत जात नव्हतं, मी वैरण टाकायला जायचो म्हणून बघितलं. ती दारापाशी उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर तासन्‌तास झुलायला लागली. खरारा करायला पट्टा काढला की तुटून पडल्यासारखी गव्हाण धरायची. हे मी मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, बघ, किती मुरलेली खोड आहे. खरं तर अडवून ठेवलेला घोडा सुटल्यावर पहिल्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त करतो, हे प्रयोगांतही दिसलंय. घोड्याला ते करण्याची निकड असते, पट्ट्याने ती तुंबते.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की कारण तोबऱ्यात शोधा. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरतं, ते आम्ल मारणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो, म्हणून त्याचं भागतं. आपण त्याला किलोभर चंदी, म्हणजे दाणा, देतो, ती तो दहा मिनिटांत संपवतो. तेवढंच वाळलं गवत चावायला त्याला चाळीसेक मिनिटं लागतात. मग उरलेला वेळ उपाशी पोट, आम्ल आणि चार भिंती. आमची घोडी गव्हाण सगळ्यात जास्त कधी चावायची? चंदी संपल्यावर लगेच. हे रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचं आणि तरी लोक तिच्या स्वभावाबद्दल बोलायचे!

शर्यतीच्या घोड्यांत हे जास्त का, तेही ऐका. शिंगरू आईपासून लवकर तोडतात, कोंडतात आणि वाढ लवकर व्हावी म्हणून दाण्यावर घालतात. ब्रिटनमध्ये सव्वादोनशे शिंगरांवर चार वर्षं नजर ठेवून 2002 मध्ये निष्कर्ष छापले होते. दूध तोडल्यावर ज्यांना दाणा दिला त्यांच्यात दार चावणं सुरू होण्याची शक्यता चौपट होती, आणि सुरुवात साधारण वीस आठवड्यांच्या वयात. म्हणजे तुमच्या घोड्याने हे बहुधा तुमच्याकडे यायच्या कितीतरी आधी उचललेलं आहे. अशा शिंगरांच्या जठरात व्रणही जास्त सापडले होते.

मास्तर महिनाभर बाहेरगावी गेले तेव्हा मी पट्टा काढला. घोडीला एका म्हाताऱ्या, शांत घोड्याशेजारी आणलं, मधली फळी काढून जाळी लावली म्हणजे एकमेकांना हुंगता येईल. चंदी हळूहळू कमी केली, बारीक भोकांच्या जाळीत गवत रात्रंदिवस टांगलेलं ठेवलं आणि सकाळी मोकळं सोडायला लागलो. झुलणं थांबलं, अंग भरलं. चावणं निम्म्याहून कमी झालं, पण गेलं नाही. मास्तर आले, एकदाच बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जित्याची खोड!" भरलेलं अंग त्यांनी हिशोबात धरलंच नाही. वाद तिथेच राहिला. मुरलेली सवय पूर्ण सुटत नाही हे मलाही मान्य आहे, पण म्हणून उपाशी पोटाला पट्टा बांधायचा हे कुठलं शहाणपण?

आणि तो शेजारचा म्हातारा घोडा? त्याने एकदाही दाराला दात लावला नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या घोडेमालकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. दार चावणाऱ्या घोड्याच्या सहवासात आलेल्यांपैकी जेमतेम 1 टक्का घोड्यांनी सवय धरली, असं त्यात निघालं. एका पागेत चार घोडे चावत असतील तर त्या पागेची वैरण आणि ठाणं बघा. रक्ताचाही भाग असतो, काही घराण्यांत हे जास्त दिसतं.

तुम्ही वैरण किती देता ते लिहिलेलंच नाही, म्हणून सरसकट सांगतो: वजनाच्या निदान दीड-दोन टक्के कोरडी वैरण रोज पोटात जायला हवी. साडेचारशे किलोच्या घोड्याला सात ते नऊ किलो. चंदी एकदम तोडू नका, आठ-दहा दिवसांत उतरवा. अंग उतरत असेल किंवा पोटशूळ वारंवार होत असेल तर जठराची दुर्बीण तपासणी करून घ्या. अशा घोड्यांत आतडं अडकून होणारा एक जीवघेणा पोटशूळ जास्त आढळतो, तेव्हा लोळायला लागला तर घरगुती उपाय करत बसू नका. वेदना अचानक सुरू झालेल्या वागण्यामागेही असते, त्यामुळे दात आणि पाठ आधी दाखवा.

मान झटकण्याचं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, ते या खोडीत मोजू नका. ते बऱ्याचदा चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असतं, उन्हात किंवा स्वारीत वाढतं. कधी वाढतं ते टिपून ठेवा आणि व्हिडिओ काढून डॉक्टरांकडे न्या, त्यांच्यासमोर घोडा नेमका गप्प उभा राहतो.