वाचकांचे प्रश्न : सिग्नल गेला, पण परतला कुठून?

प्रश्न : चार लेयरचा, १.६ मिमी जाडीचा सर्किट बोर्ड आहे. वर सिग्नल, त्याखाली ग्राउंड, मग ३.३ व्होल्टचा प्लेन (लेयरभर पसरलेलं तांबं) आणि तळाला पुन्हा सिग्नल. ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक वरून निघून मधेच एका व्हायातून (लेयर जोडणाऱ्या, तांब्याने मढवलेल्या छिद्रातून) तळाला उतरतो आणि ६० मिमी पुढे जातो. बोर्ड नीट चालतो, पण बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी मोजणाऱ्या उत्सर्जन चाचणीत १५० आणि २५० मेगाहर्ट्झला मर्यादा ओलांडतो. इतक्या कमी वेगाच्या सिग्नललाही हाय-स्पीडचे नियम लावायचे का?

उत्तर : लावायचे. बघायचा तो क्लॉकचा वेग नाही, त्याची कड. राइज टाइम (कड खालून वर चढायला लागणारा वेळ) अर्धा नॅनोसेकंद असेल तर ०.३५ भागिले राइज टाइम या हिशेबाने ७०० मेगाहर्ट्झपर्यंत ऊर्जा असते. तुमचे दोन्ही आकडे ५० च्या तिपटीचे आणि पाचपटीचे आहेत, म्हणजे संशय क्लॉकवरच घ्यायला हवा.

आता तो व्हाया पाहा. ट्रेसमधून (सिग्नलच्या तांब्याच्या पट्टीतून) गेलेला करंट परत यावाच लागतो, आणि या वारंवारतेला तो सर्वांत कमी इंडक्टन्सची (बदलत्या करंटला होणाऱ्या विरोधाची) वाट धरतो : ट्रेसच्या अगदी खालून, प्लेनवरून. ट्रेस प्लेनपासून ०.२ मिमी उंचीवर असेल तर सुमारे ८० टक्के परतीचा करंट ट्रेसच्या दोन्ही बाजूंना ०.६ मिमीच्या आत मावतो. वरच्या लेयरवर ही वाट ग्राउंडमधून आहे, तळाच्या लेयरवर ३.३ व्होल्टच्या प्लेनमधून. व्हायापाशी सिग्नल खाली उतरला, पण परतीच्या करंटला एका प्लेनवरून दुसऱ्यावर जायला पूल नाही. दोन प्लेनमधलं अंतर साधारण १.१ मिमी असेल, तर त्यांची आपापसातली कपॅसिटन्स दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम ३.५ पिकोफॅरड भरते. मग करंट जवळच्या डिकपलिंग कपॅसिटरपर्यंत (३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांना जोडणाऱ्या) वळसा घालतो. तो व्हायापासून २० मिमी दूर असेल तर तेवढा मोठा लूप झाला, शिवाय दोन प्लेनमधल्या पोकळीत उठलेली लाट बोर्डाच्या कडांपर्यंत पोचते. उत्सर्जन तिथूनच होतं.

पहिला उपाय, क्लॉक खाली उतरवूच नका. आधी क्लॉक राउट करा, बाकीच्या संथ सिग्नलना व्हाया घेऊ द्या. ते जमत नसेल तर आतले दोन्ही लेयर ग्राउंड करा आणि ३.३ व्होल्ट बाहेरच्या लेयरवर रुंद पट्ट्यांनी फिरवा. मग सिग्नलच्या व्हायापासून १ मिमीच्या आत एक ग्राउंड व्हाया दिला की पूल तयार. चार लेयरमध्ये मला हीच रचना सर्वांत भरवशाची वाटते. सध्याचाच स्टॅकअप (लेयरची मांडणी) ठेवायचा असेल तर व्हायालगत ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या. फरक पडेल, पण त्याच्या जोडणीचं इंडक्टन्स १ नॅनोहेन्री धरलं तरी २५० मेगाहर्ट्झला दीड ओम होतात, म्हणून तो ग्राउंड व्हायाच्या तोडीचा नाही.

दोन गोष्टी जाता जाता तपासा. क्लॉकच्या ड्रायव्हरपासून ५ मिमीच्या आत ३३ ओमचा सिरीज रेझिस्टर आहे का? ड्रायव्हरचा स्वतःचा रोध १७ ओमच्या आसपास असला तर दोन्ही मिळून ५० ओमच्या ट्रेसशी जुळतात. आणि ट्रेस एखाद्या कनेक्टरच्या पिनांखालून जातो का? १.२७ मिमी अंतरावरच्या पिनांना ०.७ मिमीचं ड्रिल आणि भोवती ०.३ मिमी मोकळी जागा दिली की छिद्रं एकमेकांत मिसळतात आणि प्लेनमध्ये लांब चीर पडते. स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) ती दिसत नाही, म्हणून प्लेनचे लेयर एकेक करून डोळ्यांनी पाहा.

प्रश्न : यूएसबी २.० च्या जोडीतल्या दोन ट्रेसची लांबी ०.१ मिमीपर्यंत जुळवण्यासाठी बरीच नागमोडी वळणं दिली. एवढी अचूकता लागते का?

उत्तर : नाही, आणि त्या वळणांनी तोटाच होतो. ४८० मेगाबिटला एक बिट २.०८ नॅनोसेकंदांचा. बाहेरच्या लेयरवर १ मिमीला साधारण ६ पिकोसेकंद लागतात, म्हणजे बिटाच्या ०.३ टक्के. एक-दीड मिमीचा फरक चालेल. त्यापेक्षा ९० ओमचं डिफरन्शियल इम्पीडन्स (जोडीतल्या सिग्नलला जाणवणारा रोध) आणि खालचा अखंड ग्राउंड सांभाळा. ८ गिगाबिटच्या पीसीआय एक्स्प्रेसला मात्र बिट १२५ पिकोसेकंदांचा आहे. तिथे जोडीतला फरक ०.१५ मिमीच्या आत हवा, आणि तो जिथे निर्माण झाला, त्याच वळणाशेजारी भरून काढायला हवा.

एकेकट्या ट्रेसला वळणं देताना शेजारच्या घड्यांत प्लेनपासूनच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतर सोडा. घड्या चिकटल्या तर सिग्नलचा काही भाग थेट पलीकडच्या घडीत उडी मारतो आणि मोजलेल्या लांबीपेक्षा लवकर पोचतो. डीडीआर मेमरीत लांबी मिमीत जुळवण्याऐवजी वेळ जुळवा. आतल्या लेयरवर १ मिमीला ७ पिकोसेकंद लागतात, त्यामुळे ५० मिमीचे दोन ट्रेस वेगळ्या लेयरवर असतील तर लांबी सारखी असूनही ५० पिकोसेकंदांची तफावत पडते. एका बाइटचे आठ डेटा, डेटा मास्क आणि स्ट्रोब (डेटा कधी वाचायचा ते सांगणारा सिग्नल) एकाच लेयरवर ठेवा.

प्रश्न : ट्रेस ९० अंशांत वळवला तर सिग्नल परावर्तित होतो ना?

उत्तर : ०.२ मिमी रुंदीच्या ट्रेसला कोपऱ्यामुळे काही फेम्टोफॅरडचीच भर पडते. परिणाम एक पिकोसेकंदापेक्षाही कमी. ४५ अंश जरूर वापरा, पण एक व्हाया त्याहून कितीतरी जास्त बिघडवतो. वेळ तिथे घालवा.

प्रश्न : ५० ओमच्या इम्पीडन्ससाठी गणित करून ट्रेसची रुंदी ठरवली, बनून आलेला बोर्ड ४६ भरला. चूक कुणाची?

उत्तर : ±१० टक्के ही नेहमीची सहनमर्यादा आहे, त्यामुळे ४६ त्यात बसतो. बाहेरच्या ट्रेसवर सोल्डर मास्क (वरचा संरक्षक थर) चढला की दोन-तीन ओम कमी होतात, आणि दाबल्यानंतर प्रीप्रेग (लेयरमधला राळेचा थर) कागदावरच्या जाडीपेक्षा पातळ होतो. एफआर-४ वर (बोर्डाच्या नेहमीच्या काच-राळेच्या साहित्यावर) बाहेरच्या ५० ओमच्या ट्रेसची रुंदी उंचीच्या दुपटीहून थोडी कमी येते, हा फक्त अंदाज. पक्का स्टॅकअप राउटिंगआधी बोर्ड बनवणाऱ्याकडून मागवा. इम्पीडन्सच्या ट्रेसना ०.१८१ मिमी अशी वेगळीच रुंदी द्या, म्हणजे त्यांना ते फाइलमध्ये ओळखून नेमके दुरुस्त करता येतील. लेयर, रुंदी आणि अपेक्षित ओम ड्रॉइंगवर लिहा, रुंदी बदलायची परवानगी द्या आणि टेस्ट कूपनचा (बोर्डासोबत बनवलेल्या चाचणी-पट्टीचा) टीडीआर अहवाल, म्हणजे इम्पीडन्सच्या मोजणीचा अहवाल, सोबत मागा.