बाळ बाबाकडे राहतच नाही?

"बाळ माझ्याकडे राहतच नाही हो, आई आली की लगेच गप्प." घरी राहून बाळ सांभाळणारे बाबा हल्ली येतात माझ्याकडे समुपदेशनाला, फार नाहीत पण येतात, आणि प्रत्येकाची गाडी इथेच अडकलेली. म्हणून लिहितेय. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.)

पुण्यातलं जोडपं. तिचं स्वतःचं डेंटल क्लिनिक, म्हणजे नोकरदार बाईला कायद्यानं मिळते ती २६ आठवड्यांची रजा हिला कोण देणार, सव्वा महिना झाला आणि ती कामावर. यानं आयटीतली नोकरी सोडली, दोघांनी हिशोब करूनच ठरवलेलं. सासूबाई बाळंतपण उरकून गावी गेल्या, जाताना "जावयावर दुपटी धुवायची वेळ आली" हे ऐकवून. सहाव्या आठवड्याची लस द्यायला हा एकटा गेला तर नर्सनं विचारलं, आई कुठंय? घरी येऊन बाळाला ताप, रडून रडून लालबुंद, आणि संध्याकाळी बायकोनं घेतलं तर शांत! तिथून याच्या डोक्यात बसलं की आपण नुसते वॉचमन.

"मॅडम, प्रेमबिम काही वाटत नाही मला, फक्त धास्ती वाटते, आता उठेल."

हे एवढं बोलायलाच त्याला बरीच सेशन्स लागली. मग एकदा बोलता बोलता त्याचा फोन वाजला. बायकोचा. बाळाचा टाहो मला समोर बसून ऐकू येत होता. हा शांतपणे म्हणाला, "आडवं नको धरूस, खांद्यावर उभं घे. थोपटू नको गं, थोपटलं की जास्त चिडतो, नुसता हात ठेव पाठीवर. आणि किचनमध्ये जाऊन एक्झॉस्ट फॅन लाव, त्या आवाजानं गप्प होतो." थोड्या वेळानं पलीकडे शांतता. फोन ठेवला आणि मला म्हणतो, "हां, तर काय सांगत होतो, मला काहीच जमत नाही."

मला हसू आवरेना. म्हटलं, आत्ता काय केलंत हे?

"काय केलं? भूक नव्हती ती, भूक लागली की आधी मूठ चोखतो. हे झोपेचं रडणं होतं."

मिसेसना माहितीय हे?

"तिला कसं माहीत असणार, ती दिवसभर..." आणि तो थांबला. मीही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसायचं असतं आणि ते मला बरं जमतं. मग डोळे पुसत म्हणाला, "ओळखतो की मी त्याला."

मी जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाच्या पठडीतली, बाळाची ओढ कशी तयार होते याकडे आधी बघते. १९६४ मध्ये शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोच्या ६० बाळांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की बाळ दूध पाजणाऱ्यालाच चिकटतं असं काही नाही, जो त्याच्या हाकेला ओ देतो त्याला चिकटतं. आईपाशी ते शांत होतं कारण तिचा वास, पोटात असल्यापासून ऐकलेला आवाज, दूध. त्यात तुम्ही नापास झालात असं कुठाय? शिवाय रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं, या बिचाऱ्यानं नेमका तेव्हाच चार्ज घेतलेला!

आज्या आणि आयांना हात जोडून सांगते, बाळ रडलं की "दे इकडे" करून बाबाच्या हातातून काढून घेऊ नका, त्याची रीत त्याला सापडू दे. लंगोट वाकडा बांधला तर बांधू दे. आणि बाबांनो, फारच संताप आला तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन उभे राहा, रडू दे तेवढं, पण गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, सारखी चिडचिड होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, साधारण दहातल्या एका बाबाला बाळंतपणाच्या काळात डिप्रेशन येतं आणि त्यावर उपचार आहेत. लगेच जाणं होत नसेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.