फवारणी करून आलेल्या माणसाला विषबाधा झाल्यास दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करावे?

कपाशीवर फवारणी करून घरी आलेल्या भावाला मळमळ आणि चक्कर सुरू झाली, तर घरच्यांनी काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी प्रथमोपचाराचे वर्ग घेतो. अशा वेळी घरचे लोक आधी पोटाकडे वळतात आणि मिठाचे पाणी किंवा दूध पाजतात, असे मी पाहत आलो आहे. फवारणीत मात्र विष मुख्यतः कातडीतून आणि श्वासातून शरीरात शिरलेले असते. अंगावरचे भिजलेले कपडे तसेच राहिले, तर ते पुढेही शिरतच राहते. म्हणून रुग्णाला मोकळ्या हवेत आणून कपडे उतरवावेत आणि साबण व भरपूर पाण्याने अंग, केस, नखांच्या कडा धुवाव्यात. डोळ्यांत औषध गेले असल्यास ते वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे धुवावेत. धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. ते नसतील तर हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांची बाधा ओळखू येते: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ, अश्रू व घाम वाहतो, उलट्या-जुलाब होतात, स्नायू फडफडतात आणि छातीत घरघर सुरू होते. यांपैकी काहीही दिसले की उन्हाची भोवळ समजून थांबू नये, 108 वर फोन करावा.

औषध पोटात गेले असले तरीही उलटी करवू नये, कारण औषधातील तेलकट द्रावक फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवावे, त्याच्या तोंडात काहीही घालू नये. श्वास थांबल्यास छातीवर दाब द्यावा, पण तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये. औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा; ॲट्रोपिन (ऑर्गॅनोफॉस्फेटच्या बाधेवरचा उतारा) द्यायचे की आणखी काही, हे डॉक्टरांना त्यावरून लवकर ठरवता येते. पॅराक्वाट हे तणनाशक असल्यास तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण त्यावर उतारा नाही आणि रुग्ण सुरुवातीला बरा भासू शकतो.

बरे वाटताच सुट्टी मागण्याची घाईही नको. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या बाधेत एक ते चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या हंगामात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत औषधाचा फवारा थेट तोंडावर येत होता. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने किंवा भर उन्हात फवारू नये, तुंबलेली नोझल तोंडाने फुंकू नये, दोन-तीन औषधे आपल्या मनाने एकत्र करू नयेत आणि लेबलवर लाल त्रिकोण (म्हणजे अत्यंत विषारी) असलेले औषध शक्यतो टाळावे. ऑर्गॅनोफॉस्फेट विषाने मंदावलेले, नसा व स्नायूंचे काम नीट चालवणारे विकर (एन्झाइम) पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात; त्यामुळे एकदा बाधा झालेल्या माणसाला डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्या हंगामात पुन्हा पंप पाठीवर घेऊ देऊ नये.